ताठ टोपीचा वाद

"शर्टाची कॉलर ताठ उभी राहते म्हणून टोपीही उभी राहील, हा हिशेब मला पटत नाही," शिंपीकाकांनी पहिला आक्षेप घेतला. "आमचं कापड अंगावर टेकतं. खांदा, छाती, कंबर त्याला आधार देतात. तुला एकोणिसाव्या शतकातल्या पायदळाचा शाको हवा आहे. उंच नळकांडं, वर सपाट माथा, कपाळावर व्हायझर. त्यात डोकं फक्त तळाशी असतं, वरच्या दहा-बारा सेंटिमीटरांत नुसती पोकळी. तिथे कापड टेकणार कशावर? ब्रिटिशांचा १८०० सालचा शाको रोगण दिलेल्या चामड्याचा होता, पुढे १८०६ पासून फेल्टचा झाला. फ्रेंचांचा काळ्या फेल्टचा. त्याच्या माथ्याला आणि तळाला चामडं. फेल्ट वाफेवर मऊ करून लाकडी ठोकळ्यावर ओढायचा, ठोकळ्यावरच सुकू द्यायचा. चामडं कापणारा कारागीर निराळा, पितळी पत्रा ठोकणारा निराळा. यात शिंपी आलाच कुठे? घरच्या शिलाई मशीनवर हे करायला घेतलंस तर हाती सुरकुतलेला डबा येईल."

"ठोकळा नाही, फेल्ट ओढायची वाफ नाही, हे सगळं मान्य," वेशभूषाकार तरुणी म्हणाली. "पण काका, आधार कापडाने द्यावा असं मी म्हणतच नाही. घरी शिवायच्या टोपीत कामं वाटून द्यायची. आकार धरायचा बक्रमने, कडा धरायच्या तारेने, आतला खडबडीतपणा झाकायचा फ्लॅनेलच्या पातळ थराने, आणि बाहेरच्या लोकरी कापडाने फक्त दिसायचं. चौघांची कामं वेगळी ठेवली की कापडावर भार पडत नाही. बाहेरच्या कापडातच ताठपणा शोधायला गेलं की ते फसतं.

"बक्रम म्हणजे तुम्ही कॉलरीत घालता ते पातळ फ्युजिंग नव्हे. टोपीचं बक्रम म्हणजे जाड विणीचं, भरपूर खळ दिलेलं सुती कापड. ते मिळालं नाही तर साधं बक्रम तीन-चार थरांत पांढऱ्या गोंदाने चिकटवायचं. एका थराचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे ठेवायचे, म्हणजे ते एकाच बाजूला वळत नाही. सुकवताना सपाट ठेवायचं नाही. डोक्याच्या घेराएवढ्या डब्याभोवती गुंडाळून सुकवायचं. मग गोलाई आत मुरते आणि पुढे शिवताना कापडाशी झटापट करावी लागत नाही.

"आणि कापणी हे तुमचंच काम आहे. डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर धरा. अस्तर आणि आतल्या घामपट्टीसाठी दोन वाढवले की ५८. सरळ उभ्या शाकोची बाजू म्हणजे ५८ लांबीचा आणि हव्या त्या उंचीचा आयत. माथ्याकडे रुंद होणारा फ्रेंच घाट हवा असेल तर आयत चालत नाही. समजा तळाचा घेर ५८, माथ्याचा ६६ आणि उंची १८. मग बाजूचा तुकडा मोठ्या वर्तुळाच्या पट्टीतून कापावा लागतो. आतल्या कंसाची त्रिज्या सुमारे १३० सेंटिमीटर आणि बाहेरच्या कंसाची त्याहून १८ ने जास्त. जमिनीवर खिळा धरून दोरा आणि खडू फिरवला की दोन्ही कंस निघतात. अंब्रेला घागऱ्याचा घेर तुम्ही असाच आखता ना?"

"आखतो. पण घागरा कमरेवर वाटेल तसा फिरतो, टोपी फिरून चालत नाही," काका म्हणाले. "तुझं गणित वर्तुळाचं आहे, आणि माणसाचं डोकं वर्तुळ नसतं. ५८ घेराचं वर्तुळ साडेअठरा सेंटिमीटर व्यासाचं येईल. डोकं मात्र पुढून मागे लांब आणि कानाकानात अरुंद. गोल टोपी घातली की कपाळाला रुतते आणि कानांवर फट राहते. नट एकदा वाकला की ती खाली. दुसरी गोष्ट, चार थर बक्रम, वर फ्लॅनेल, वर ब्लेझरचं कापड. मागची जोड शिवताना हे सगळं दुप्पट होणार. घरगुती मशीनची सुई तिथे मोडते, नाहीतर टाके सोडते. आणि मोडली नाही, तरी मागे बोटभर जाड उंचवटा येतो. तो डोक्याला टोचतो आणि बाहेरून दिसतोही."

"म्हणून बक्रमची जोड एकावर एक घ्यायचीच नाही. दोन्ही कडा एकमेकींना भिडवायच्या, आतून सुती पट्टी लावायची आणि हाताने तिरके टाके घालायचे. बाहेरच्या कापडाची जोड मशीनवर वेगळी शिवायची, मार्जिन उघडून इस्त्रीने बसवायचं आणि मोज्यासारखी ती बक्रमवर चढवायची. मशीनचं काम तिथेच संपतं. पुढचं सगळं अंगुस्तान घालून, हातसुईने.

"लांबटपणा तारेने येतो. माथ्याच्या आणि तळाच्या कडेला तार लावायची, तिची टोकं चार-पाच सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन दोऱ्याने घट्ट बांधायची, आणि काज्यासारख्या टाक्यांनी ती बक्रमच्या कडेला धरायची. वरून उरेब पट्टीचा गोट, म्हणजे तार कापडातून बाहेर येत नाही. आता ही कड हाताने दाबून लंबगोल करता येते आणि केलेला आकार ती धरून ठेवते. ज्याच्या डोक्यावर टोपी जाणार, त्याच्या कपाळावरून कागदी पट्टी फिरवून घेतली तर अंदाजावर काही सोडावं लागत नाही. माथ्याचा तुकडा त्याच लंबगोलावरून आखायचा, दीड सेंटिमीटर मार्जिन ठेवून. मार्जिनला कात्रीने बारीक चिरा द्यायच्या, त्या बाजूवर दुमडायच्या आणि वर पट्टी चढवायची. मूळ टोपीत त्या जागी चामड्याचा पट्टा होताच, त्यामुळे जोड झाकण्यासाठी नवं काही शोधावं लागत नाही.

"व्हायझरसाठी चंद्रकोरीचे तीन थर आणि वर काळं रेक्झिन. आतल्या कडेला जिभा ठेवून त्या टोपीच्या पोटात वळवायच्या. रेक्झिनमध्ये टाचणी टोचायची नाही, कारण तिचं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे लावायचे. तुरा, साखळी, पुढचा बिल्ला, सगळं अस्तराआधी बसवायचं. अस्तर लागल्यावर आतून गाठ मारायला बोटं पोहोचत नाहीत."

शिंपीकाकांनी जोड, तार आणि कामाचा हा क्रम मान्य केला. टोपी उभी राहील, याबद्दल त्यांची तक्रार उरली नाही. तिथून त्यांनी आक्षेपाची जागा बदलली. ती शिवायची तरी कशासाठी, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

"एवढी हातशिलाई करायची ती लांबून पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी? मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये मुलं चिलखतं घालून येतात, ती बहुतेक ईव्हीए फोमची असतात. फोम शीट कटरने कापायची, हीट गनने तापवून वळवायची, चिकटवायची, रंगवायची. वजन जवळपास नाही, पाण्याने बिघडत नाही. गॅदरिंगसाठी तर पुठ्ठा आणि क्रेप कागदही चालतो, आणि भाड्याने टोपी देणारी दुकानं आहेतच. सुईचा हट्ट मला समजत नाही. मी शिंपी असून सांगतो, जिथे शिलाईची गरज नाही तिथे ती करू नये."

"व्हायझरच्या आत मीही फोम घालीन," तरुणीने लगेच मान्य केलं. "तिथे तो पुठ्ठ्यापेक्षा बरा, वाकला तरी मोडत नाही. पण बाजूच्या कापडाचं तसं नाही. रंगवलेला फोम दिव्याखाली चकाकतो, लोकर प्रकाश शोषून घेते. तोच काळा रंग लोकरीवर खोल दिसतो आणि फोमवर प्लास्टिकचा. शिवाय शिवलेली टोपी उसवता येते. प्रयोगाला नट बदलला, डोकं मोठं निघालं, तर घामपट्टी काढून मागची जोड सैल करता येते. चिकटवलेली टोपी फाडावीच लागते. भाड्याच्या टोपीला तर आपल्या नटासाठी हातही लावता येत नाही.

"पण माझं खरं कारण वेगळं आहे. टोपी शिवली की तिचा ताठपणा कुठून येतो हे कळतं, आणि तो कळला की त्या काळातला माणूस कळायला लागतो. अधिकाऱ्यांची पीक कॅप घ्या. तिचा वरचा गोल ताणून धरायला आत एक कडी असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलातले वैमानिक टोपीवरून हेडफोन लावायचे. म्हणून ते ही कडी काढून टाकत आणि टोपी दोन्ही बाजूंनी दबून जायची. ती चेपलेली टोपी पुढे अनुभवी वैमानिकाची ओळख झाली. एक कडी काढल्यावर माणसाची ऐट बदलली! उलट बाजूला आझाद हिंद सेनेची टोपी आहे, नेताजींच्या डोक्यावरची. तिच्यात तार नाही, बक्रमची भिंत नाही. घडी घालून खिशात ठेवता येते. दोन्ही टोप्या लष्करीच, पण अंगावर दोन वेगळ्या तऱ्हांनी वागतात. भाड्याच्या दुकानातून आणलेल्या टोपीतून हे कळत नाही."

"कळेल, पण पहिल्या पावसापर्यंतच," काका म्हणाले. "तुझ्या बक्रमचा प्राण खळीत आहे आणि खळीचा शत्रू ओलावा. वाफ दिली की ते मऊ होतं, म्हणूनच तर ते वळवता येतं. मग आपला पावसाळा काय वाफेपेक्षा कमी आहे? जुलैत रत्नागिरीला प्रयोग लावला तर कपाटातली टोपी प्रयोगाआधीच खांदे पाडेल. त्यात नटाचा घाम, दिव्यांची उष्णता. देशावरच्या हिवाळ्यात टिकलेली टोपी कोकणात टिकेल असं मी लिहून देणार नाही."

"खऱ्या शाकोलाही हाच त्रास होता," तरुणीचं उत्तर. "१७ जून १८१५ ला, वॉटर्लूच्या आदल्या दिवशी, दोन्ही सैन्यं मुसळधार पावसात भिजत होती. त्या काळचे सैनिक मोहिमेवर शाकोला मेणकापडाचं काळं आवरण घालायचे. चित्रांत आपण चकाकणारे पितळी बिल्ले आणि रंगीत तुरे पाहतो. ते मुख्यतः संचलनाचं रूप आहे; चिखलातला सैनिक बऱ्याचदा काळ्या पिशवीतल्या टोपीत असे. म्हणून मोहिमेवरचा सैनिक दाखवायचा असेल तर वर आवरण शिवायचं. टोपी टिकते आणि इतिहासही बिघडत नाही.

"आतून लाखेचाही उपाय आहे. टोपीवाले फेल्ट कडक करायला लाखच वापरत आले आहेत, आणि लाख तर आपल्या देशाचाच माल. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बक्रमला आतून दोन हात दिली की ओलावा सहज शिरत नाही. मात्र ते काम मोकळ्या हवेत, आगीपासून लांब करायचं, कारण स्पिरिट पेट घेतं. आणि आवरणाचा आणखी एक फायदा आहे. फ्रेंच पायदळात १८०८ नंतर फ्यूझिलियर कंपन्यांचे गोंडे वेगवेगळ्या रंगांचे होते. पहिलीचा हिरवा, दुसरीचा आकाशी, तिसरीचा नारिंगी, चौथीचा जांभळा. ग्रेनेडियर्सचा लाल. त्यातला एक रंग चुकला तरी जाणकार तुम्हाला पकडतो. आवरणाखाली बिल्लाही झाकला जातो आणि चूकही."

शिंपीकाकांना हा मुद्दा उलटाच वाटला. "आवरणाने तू तपशील झाकलेस आणि आकार उघडा पाडलास. बिल्ला, दोऱ्या, गोंडे यांच्यामुळे नजर इकडेतिकडे जाते, वाकडी बाजू खपून जाते. सपाट काळ्या आवरणात नुसती बाह्यरेखा उरते. नेपोलियनची टोपी इतरांहून साधी होती, तरी लांबून ओळखू यायची. कारण इतर लोक आपल्या दुटोकी टोप्यांची टोकं पुढे-मागे ठेवायचे आणि त्याची टोकं खांद्यांकडे असायची. त्याची एक टोपी २०२३ साली फ्रान्समध्ये १९ लाख ३२ हजार युरोंना गेली. तिच्यावर लावलेलं काय होतं? एक फीत. म्हणजे आकार हाच सगळा ऐवज. आणि आकार हीच टोपीवाल्याच्या ठोकळ्याची मिरास, तिथे तुझा हात तोकडा.

"पण त्याहून मोठी शंका आता सांगतो. आकार जमला, अगदी हुबेहूब जमला, तर मग काय? या टोप्या नुसत्या नटण्यासाठी नव्हत्या. माणूस उंच दिसावा, रांगेत सगळे एकसारखे दिसावेत, आणि डोक्यावर हुकूम कुणाचा आहे ते कळावं, यासाठी त्या होत्या. आपल्याच देशात टोपीवरून रक्त सांडलं आहे. १८०५ च्या नोव्हेंबरात मद्रास सैन्यात हुकूम निघाला की शिपायांनी कपाळावर गंध लावू नये, दाढी ठेवू नये, आणि गोल हॅटसारखं दिसणारं, चामड्याचा तुरा लावलेलं नवं पागोटं घालावं. हिंदूंनाही ते नको होतं, मुसलमानांनाही. विरोध करणाऱ्यांना फटके बसले. १० जुलै १८०६ ला पहाटेच्या अंधारात वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले. ६९ व्या पलटणीतले शंभरावर गोरे सैनिक मारले गेले. मग अर्काटहून ब्रिटिश अधिकारी गिलेस्पी घोडदळ घेऊन आला आणि त्याने शेकड्यांनी शिपाई कापले. पुढे तो हुकूम मागे घेतला गेला. गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक या दोघांनाही लंडनने परत बोलावलं. ज्या वस्तूत एवढं भरलेलं आहे, ती गोंडा सुंदर दिसतो म्हणून शिवायला घ्यायची, हे मला जड जातं."

"म्हणूनच ती नीट शिवायला हवी," तरुणी ठामपणे म्हणाली. "वेल्लोरवर उद्या कुणी एकांकिका बसवली आणि शिपायांच्या डोक्यावर कसलंही लाल फडकं गुंडाळलं, तर प्रेक्षकाला ते उठले का हेच कळणार नाही. डोक्यावरचं पागोटं आणि वरून लादलेली हॅट यांतला फरक डोळ्यांना दिसला, तरच त्या बंडाचं कारण दिसतं. तिथे तुरा ही सजावट राहत नाही, नाटकाचा पुरावा होतो.

"आजच्या सैन्याच्या बाबतीत तुमची सावधगिरी मला पटते. सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात ते १४० वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १६८ वं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंतची. कायदा हेतू पाहतो, त्यामुळे रंगमंचावरचा नट त्यात सापडत नाही. तरीही मी चालू पलटणीचा खरा बिल्ला नाटकाच्या टोपीला लावणार नाही. तो कुणीतरी कमावलेला असतो.

"पण सगळ्याच लष्करी टोप्या हुकमाच्या राहिल्या नाहीत, काका. आपल्या वरातीतले बँडवाले पाहा. जरीच्या दोऱ्या, खांद्यावर झालरी, पीक कॅप, कधी तिच्यावर तुरा. हे रूप ब्रिटिश लष्करी बँडांकडून आलं आणि लग्नाच्या मिरवणुकीत रुळलं. त्या टोपीला आता कुणी घाबरत नाही. आणि ताठ शिरोभूषण घडवणं आपल्याला परकं कुठे आहे? पुणेरी पगडी रोज बांधावी लागत नाही. पगडबंद ती घडवून देतो आणि ती टोपीसारखी घालता-काढता येते. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कापडाला कायमचा आकार देणारा कारागीर आपल्या गल्लीतच होता. ठोकळा फक्त युरोपातच होता असं समजून हात आखडायचं कारण नाही."

"पगडबंदाचं नाव घेतलंस ते बरं केलंस, कारण तो माझ्या बाजूने बोलेल," काका म्हणाले. "त्याची पगडी खरी असते, कुणाच्या तरी डोक्यावर मिरवायला केलेली. तुझी टोपी खऱ्यासारखी. खरं आणि खऱ्यासारखं यांच्यामध्ये तू रेघ कुठे ओढणार, एवढंच मला विचारायचं आहे. बक्रम फेल्टच्या जागी चालतं म्हणालीस, चालू दे. रेक्झिन चामड्याच्या जागी चालतं म्हणालीस, व्हायझरपुरतं तेही चालू दे. मग वेल्लोरच्या शिपायाच्या पागोट्यावरचा तुरा कशाचा करशील? तिथे बंड चामड्यावरून झालं."

तरुणीने उत्तर तीन भागांत दिलं. प्रेक्षकाच्या डोळ्याला रेक्झिन पुरतं, कारण दहाव्या रांगेतून दोन्ही सारखेच दिसतात. नटाच्या डोक्याला टोपी हलकी आणि घट्ट हवी, तिथे चामड्याने काही बिघडत नाही आणि साधतही नाही. उरतो तो प्रसंग, आणि तिथे ती अडली. चामड्याचा तुरा लावला आणि भूमिका करणाऱ्या मुलाला खरोखरच चामडं डोक्यावर नको असेल, तर तो दिग्दर्शकाच्या हुकमाने लावायचा का? दोनशे वर्षांपूर्वी झालेली जबरदस्ती दाखवण्यासाठी तालमीच्या खोलीत तिची छोटी आवृत्ती करायची का? म्हणून ती रेक्झिन निवडेल, आणि ते रेक्झिन आहे हे नटाला आधी सांगेल.

काकांचं मत याच्या नेमकं विरुद्ध पडलं. नटाला विचारून, त्याची तयारी असेल तर, तुरा चामड्याचाच हवा, कारण बाकीची सगळी टोपी नकली असताना एवढी एकच वस्तू खरी असण्याला अर्थ आहे. ती डोक्यावर चढताना नटाचा हात क्षणभर थांबला, तर तो थांबणं कुठल्याही दिग्दर्शकाला शिकवता येणार नाही. आणि तो नाही म्हणाला, तर त्याचं नाही म्हणणंच नाटकात घ्यावं.

मापं, तार, लाख आणि आवरण यांवर दोघांचं आता एकमत आहे. बक्रमचे थर किती आणि जोड कुठे, हेही ठरलं आहे. तुरा मात्र अजून कापलेला नाही. तरुणी म्हणते तो शेवटी बसवावा, कारण तो सुटा शिवता येतो. काका म्हणतात तो आधी ठरवावा, कारण बाकीची टोपी कुणासाठी शिवायची, प्रेक्षकासाठी की ती डोक्यावर घेणाऱ्यासाठी, हे त्याच्यावरून ठरेल.